वर्ड आणि रायटरमध्ये टूलबार, मेनू बदलताना या चुका टाळा

हवी ती बटणं टूलबारवर आणून ठेवली, दुसरी फाइल उघडली आणि बटणं गायब. वर्ड किंवा लिबरऑफिस रायटर वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. सॉफ्टवेअर बिघडलं असं समजून अनेक जण ते काढून पुन्हा इन्स्टॉल करतात, त्यात वेळ जातो आणि प्रश्न तसाच राहतो. बहुतेक वेळा बिघाड नसतोच. केलेला बदल नेमका कुठे साठवला गेला, एवढंच पाहायचं राहून गेलेलं असतं.

बदल एकाच फाइलपुरता होतो

वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, क्विक अ‍ॅक्सेस टूलबार (नेहमीच्या बटणांची छोटी पट्टी) असं गेलात की उजव्या यादीच्या वर एक छोटा खाना दिसतो. त्यात 'फॉर ऑल डॉक्युमेंट्स' हा पर्याय आधीच निवडलेला असतो आणि त्याखाली उघड्या फाइलचं नाव असतं. चुकून ते नाव निवडलं गेलं तर बटणं त्या फाइलच्या आतच साठतात. एखादा फॉर्म त्याच्या खास बटणांसह सहकाऱ्याला पाठवायचा असेल तर ही सोय उत्तम आहे, पण रोजच्या बटणांसाठी नाही.

रायटरमध्ये टूल्स, कस्टमाइझ या खिडकीत 'स्कोप' नावाचा खाना हेच काम करतो. वर्डच्या कीबोर्ड शॉर्टकटच्या खिडकीत 'सेव्ह चेंजेस इन' असतं. तीन ठिकाणी तीन नावं, म्हणून नजर चुकते. बटण निवडण्याआधी हा खाना पाहण्याची सवय लावा. निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

रिबन बिघडला म्हणून नॉर्मल टेम्प्लेट उडवणं

रिबन म्हणजे वर्डच्या वरची टॅब आणि बटणांची पट्टी, तर नॉर्मल टेम्प्लेट म्हणजे नव्या कोऱ्या फाइलचा साचा. रिबन बिघडला की तो साचा पुसा, हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो आणि त्याने खरं नुकसान होतं. वर्ड २००३ पर्यंत टूलबारमधले बदल साधारणपणे नॉर्मल टेम्प्लेटमध्येच साठायचे, त्यामुळे तेव्हा त्या सल्ल्यात तथ्य होतं. २००७ मध्ये रिबन आला, २०१० पासून त्यात स्वतःचे टॅब करता येऊ लागले. आता विंडोजवर रिबन आणि क्विक अ‍ॅक्सेस टूलबार यांचे सर्व फाइल्ससाठी केलेले बदल 'वर्ड.ऑफिसयूआय' या वेगळ्या फाइलमध्ये राहतात. नॉर्मल टेम्प्लेट उडवलं तर रिबन जसाच्या तसा राहतो, पण त्यात ठेवलेले शॉर्टकट, मॅक्रो (एका झटक्यात चालणारी कमांड्सची मालिका) आणि बदललेल्या स्टाइल्स मात्र जातात. वर्ड पुढच्या वेळी नवं, कोरं नॉर्मल तयार करतं. संशय असेलच तर फाइल पुसू नका, वर्ड बंद करून तिचं नाव बदला. प्रश्न सुटला नाही तर जुनं नाव परत देता येतं.

याचीच दुसरी बाजू नव्या संगणकावर जाताना दिसते. 'इम्पोर्ट/एक्स्पोर्ट'मधून निघणाऱ्या फाइलमध्ये रिबन आणि क्विक अ‍ॅक्सेस टूलबार येतात, स्वतः बनवलेले शॉर्टकट येत नाहीत. त्यांच्यासाठी नॉर्मल टेम्प्लेट वेगळं न्यावं लागतं. शिवाय इम्पोर्ट केलेली फाइल तिथल्या आधीच्या मांडणीत मिसळत नाही, ती जागा पूर्ण घेते. समोरच्या संगणकावर कोणी काही मांडून ठेवलं असेल तर आधी ते एक्स्पोर्ट करा, मग तुमचं आणा.

घाईने सगळं रीसेट करणं

वर्डच्या रीसेटमध्ये दोन पर्याय असतात. 'रीसेट ओन्ली सिलेक्टेड रिबन टॅब' निवडलेला टॅबच पूर्ववत करतो. 'रीसेट ऑल कस्टमायझेशन्स' रिबनबरोबर क्विक अ‍ॅक्सेस टूलबारही साफ करतो. बिघडलेला टॅब एकच असेल तर पहिला पर्याय पुरेसा आहे.

'अ‍ॅड' दाबलं तरी कमांड जात नाही

रिबनच्या प्रत्येक टॅबमध्ये बटणं गटांत मांडलेली असतात. वर्डच्या मूळ गटांमध्ये नवी कमांड घालता येत नाही. आधी 'न्यू ग्रुप' करा, तो निवडा, मग कमांड टाका. मूळ गटातलं एकटं बटणही काढता येत नाही. अख्खा गट काढून आपल्या कामाच्या बटणांचा गट करावा लागतो. हवी ती कमांड यादीतच नाही असं वाटलं, तर ती यादी 'पॉप्युलर कमांड्स'ची असते. वरून 'ऑल कमांड्स' निवडा.

लपलेलं हरवलं समजणं

कंट्रोल आणि एफ१ एकत्र दाबले की रिबन मिटतो, पुन्हा दाबले की उघडतो. टेबलचे टॅब कर्सर टेबलमध्ये असतानाच दिसतात. नव्या वर्डमध्ये क्विक अ‍ॅक्सेस टूलबार सुरुवातीला लपलेला असू शकतो; रिबनवर राइट-क्लिक करून तो दाखवता येतो. रायटरमध्ये टूलबार सुटून पानावर तरंगत असेल तर कंट्रोल धरून त्याच्या रिकाम्या भागावर डबल-क्लिक करा, तो जागेवर बसतो. मग राइट-क्लिक करून त्याची जागा लॉक करा.

शॉर्टकट आणि बटणांची गर्दी

नवा शॉर्टकट देताना 'करंटली असाइन्ड टू' ही ओळ वाचा. तो आधीच कशाला दिलेला असेल तर तिथे दिसतं. कंट्रोल-ऑल्टची जोडी शक्यतो नकोच. ज्या कीबोर्ड लेआउटमध्ये उजव्या ऑल्टने जास्तीची चिन्हं उमटतात, तिथे विंडोज त्या कळीला कंट्रोल-ऑल्टच समजतं. तुमचा शॉर्टकट चालू होतो आणि ते चिन्ह टाइप होणं बंद पडतं. कारण लवकर लक्षात येत नाही, म्हणून ही चूक फार त्रास देते.

क्विक अ‍ॅक्सेसमधली पहिली नऊ बटणं ऑल्ट-१ ते ऑल्ट-९ ने चालतात. रोजच्या कमांड्स तिथेच ठेवा आणि नवं बटण नेहमी शेवटी टाका. मध्ये घातलं तर पुढचे सगळे आकडे सरकतात आणि सवयीने भलतीच कमांड चालते. वीसेक बटणं कोंबण्यात मला काही हशील दिसत नाही; शोधण्यातच वेळ जातो.

सेफ मोडमध्ये मांडणी करू नका

कंट्रोल धरून वर्ड सुरू केलं की सेफ मोड मिळतो, म्हणजे तुमचे बदल बाजूला ठेवून वर्ड उघडतं. त्यात तुमची बटणं दिसत नाहीत, ती गेलेली नसतात. तिथे केलेले नवे बदल साठतही नाहीत, त्यामुळे दोष शोधण्यापुरताच तो वापरा. रायटरमध्ये हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये गेलात, तर पूर्ण प्रोफाइल (तुमच्या सगळ्या सेटिंग्जचा साठा) न उडवता फक्त सेटिंग्ज आणि मेनू-टूलबारचे बदल पूर्ववत करण्याचा पर्याय असतो. तो वापरण्याआधी त्याच खिडकीत प्रोफाइलची प्रत काढून ठेवा.