एव्हरग्लेड्सच्या कालव्यांत उन्हाळी बास: या चुका टाळा

एप्रिलमध्ये जिथे तासाभरात सात-आठ बास मासे गळाला लागले, तिथेच जुलैत अख्खी सकाळ उभं राहिलं तरी दोरी हलत नाही. दक्षिण फ्लोरिडात नव्याने गळ टाकायला लागलेल्या बहुतेकांची ही तक्रार असते. पहिल्या उन्हाळ्यात माझीही होती. मी आमिषं बदलली, रॉड बदलला. बदललं होतं ते पाणी.

एव्हरग्लेड्स या विस्तीर्ण गवताळ दलदलीतले हे कालवे मुळात खणलेले चर आहेत. १९२८ साली पूर्ण झालेल्या टॅमियामी ट्रेल रस्त्याच्या भरावासाठी शेजारचाच चुनखडक फोडून काढला आणि त्या खड्ड्याचा कालवा झाला. होलिडे पार्ककडून खाली येणारा एल-६७ए हा कालवा बांधाला लागून आहे. कोरड्या महिन्यांत दलदल आटते आणि मासे या खोल पाण्यात गोळा होतात, म्हणून मार्च ते मे सुगीचा काळ. मग पाऊस लागतो, सॉग्रास या दलदलीतल्या धारदार पात्यांच्या गवतात पाणी चढतं आणि बास पुन्हा दलदलीत पांगतात. वसंतातली जागा उन्हाळ्यात धरून बसणं ही सगळ्यात मोठी चूक. कालवा सरळसोट दिसला तरी मासे सगळीकडे सारखे नसतात. दलदलीतून पाणी कालव्यात उतरतं ती तोंडं शोधा: रस्त्याखालच्या मोऱ्या, दोन कालवे मिळतात तो कोपरा, मोठ्या पंख्यावर चालणाऱ्या एअरबोटींनी गवतात पाडलेल्या वाटा. वाहत्या पाण्याबरोबर बारीक मासे येतात आणि बास प्रवाहाकडे तोंड करून त्यांची वाट पाहतो. म्हणून आमिष वरच्या अंगाला टाकून प्रवाहाबरोबर खाली येऊ द्या. मोठ्या पावसानंतर मात्र उतरणारं पाणी काळं आणि कुबट वासाचं असेल तर ते तोंड सोडा. कुजलेल्या पाल्याच्या त्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो.

प्राणवायूचा विचार न करता ‘पहाटच उत्तम’ म्हणणं हीही चूक. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात पाणवनस्पती रात्रभर तो वापरतात, त्यामुळे गच्च गवताच्या, साचलेल्या कालव्यात उजाडताना तो सर्वांत कमी असतो. पहाटे जायचं तर वाहत्या पाण्यावर जा. साचलेल्या कालव्यावर थोडं ऊन चढू द्या, मग काठाच्या सावलीत पाहा.

‘बास’ या एका नावाखाली इथे दोन निराळे मासे आहेत. लार्जमाउथ बासला अंधूक उजेड आणि आडोसा हवा. त्याला प्लास्टिकचा किडा चालतो. पीकॉक बास १९८४ मध्ये दक्षिण अमेरिकेतून आणून सोडला. तो दिवसाउजेडी शिकार करतो आणि प्लास्टिकच्या किड्याकडे क्वचितच वळतो. दुपारी त्याच्यासाठी किडा ओढत बसू नका, झपाट्याने पळणारं लहान माशाच्या आकाराचं आमिष वापरा.

गवतावरून रबरी बेडूक ओढताना पाणी उसळलं की हात आपोआप झटका देतो आणि बेडूक रिकामा परत येतो. माशाचं वजन दोरीवर जाणवेपर्यंत थांबा, मगच जोरात ओढा. दोरी ४० ते ५० पौंडांचा ताण झेलणारी, विणलेली (ब्रेडेड) हवी, नाहीतर मासा गवतात गुंततो.

ढगांबाबत मी कडक आहे. उन्हाळ्यात दुपारी इथे वीज कडाडतेच. सपाट माळावर तुमच्या हातात ग्रॅफाइटचा उंच रॉड असतो आणि ग्रॅफाइटमधून वीज वाहते. पहिला गडगडाट ऐकला की गाडीत बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उतरू नका. ‘शेवटचा एक गळ टाकतो’ म्हणणाऱ्याला हाताला धरून न्या. उभं राहण्याआधी पायाखाली फायर अँट या कडकडून चावणाऱ्या मुंग्यांचं वारूळ नाही ना, तेही पाहा. मासा दोरीला बांधून पाण्यात ठेवू नका, सुसरीसारखी दिसणारी इथली ॲलिगेटर त्यासाठी काठापर्यंत येते.

मासा म्हटलं की आपल्याला तवा आठवतो, पण एव्हरग्लेड्सच्या बासमध्ये पारा साठतो आणि आरोग्य खात्याने तो खाण्याबाबत इशारे दिले आहेत. मी एकही घरी आणत नाही. सोडायचा मासा तापलेल्या चुनखडीवर ठेवू नका. हात ओले करा, एका हाताने खालचा जबडा धरा, दुसरा पोटाखाली द्या आणि लगेच पाण्यात सोडा. कोमट पाण्यात दमलेला मासा सावरायला वेळ घेतो.

आणि उन्हाळ्यात आईबाबा भारतातून आले असतील तर ध्यानात ठेवा: ६५ वर्षांवरच्यांना परवान्यातून सूट आहे ती फ्लोरिडाच्या रहिवाशांना, पाहुण्यांना नाही. बाबांच्या हातात रॉड द्यायचा असेल तर फ्लोरिडाबाहेरच्यांसाठीचा तीन किंवा सात दिवसांचा गोड्या पाण्याचा परवाना निघण्याआधीच ऑनलाइन काढून घ्या. सोळा वर्षांखालच्या नातवंडांना तो लागत नाही.