काळ्या स्क्रीनवर मेल वाचायला शिकताना

आपल्या इकडची बरीच पोरंपोरी आता बीसीए, बीएससी करून लिनक्सच्या अन् सर्व्हर सांभाळायच्या कामात येऊन राहिली, हे त्यांच्यासाठी लिहितोय. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून हेच काम करतो अन् संध्याकाळी गावच्या अभ्यासिकेत चार पोरांना शिकवतोपण. शिकवताना एक गोष्ट पक्की समजली, टर्मिनलवरचे (म्हणजे नुसतं टाईप करून चालवायच्या काळ्या स्क्रीनवरचे) मेल प्रोग्राम अवघड जातात ते कमांड खूप आहेत म्हणून नाही, तर बटन दाबलं अन् काही उडून गेलं तर काय, ह्या धास्तीने. माऊस नाही, कचऱ्याच्या डब्याचं चित्र नाही, नुसतं एक अक्षर दाबलं की काहीतरी होऊन जाते. म्हणून मी कमांडची यादी पाठ करायला लावतच नाही. कोणतं बटन वापस फिरवता येते अन् कोणतं नाही, एवढं पहिले डोक्यात बसलं की बाकीचं हाताला सवयीने येते.

आता मोबाईलमध्ये जीमेल असताना हे कशाला शिकायचं, हा प्रश्न सगळेच विचारतात आणि तो बरोबरच आहे. उत्तर कामात आहे. सर्व्हरला बहुतेक वेळा चित्राची स्क्रीनच नसते, एसएसएचने (दुरूनच दुसऱ्या मशीनमध्ये लॉगिन करायची सोय) आत जायचं अन् जे काय करायचं ते टाईप करून. तिथे रात्री ठरलेल्या वेळी चालणारी क्रॉनची कामं असतात, बॅकअप वगैरे, त्या कामांनी काही आउटपुट दिलं किंवा एरर दिली तर ती त्याच मशीनवर त्या युजरच्या नावाने मेल होऊन पडते (मशीनवर मेलची सोय बसवलेली असली तर). लॉगिन केल्यावर ‘यू हॅव न्यू मेल’ अशी ओळ दिसते ती हीच. ती मेल वाचता आली नाही तर बॅकअप कधीपासून बंद पडलाय हे कोणालाच कळत नाही. दुसरं कारण आपल्याकडचं, जुना लॅपटॉप अन् मधेच एका काडीवर येणारं नेटवर्क. वेबचं मेल उघडायला चाक फिरत राहते, इथे नुसती यादी येते, अक्षरंच अक्षरं, अन् अल्पाईन नावाच्या मेल प्रोग्राममध्ये तर जोडलेली फाईल तुम्ही मागितल्याशिवाय खाली उतरतच नाही.

सुरुवात अल्पाईनने करा असं मी ठामपणे सांगतो. ह्याचा पूर्वज पाईन, तो १९८९ मध्ये अमेरिकेत सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये सुरू झाला अन् मुळात तिथल्या ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांसाठी बनवला होता, म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांसाठी नाहीच. त्यामुळे त्याची ठेवणच नवख्या माणसाला सांभाळून घेणारी आहे. अल्पाईन २००७ ला त्याच विद्यापीठातून आला. उबुंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) सुडो, एपीटी, इन्स्टॉल, अल्पाईन हे चार शब्द इंग्रजी लहान लिपीत एकाच ओळीत लिहायचे, मधे स्पेस द्यायची, झालं.

उघडल्यावर सगळ्यात पहिले खालच्या दोन ओळी वाचा. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण पोरं मधल्या भागाकडे पाहत बसतात अन् उत्तर खाली लिहिलेलं असते. त्या क्षणी कोणतं अक्षर काय करते ते तिथे दिसते, स्क्रीन बदलली की त्या ओळी पण बदलतात. सगळ्या कमांड दोन ओळींत मावत नाहीत म्हणून ‘ओ’ दाबलं की उरलेल्या दिसतात, अन् प्रश्नचिन्ह दाबलं की मदत येते. मुख्य मेनूत ‘सी’ म्हणजे नवीन मेल लिहिणं, ‘आय’ म्हणजे आलेल्या मेलची यादी, ‘एल’ फोल्डर, ‘ए’ पत्त्यांची वही, ‘एस’ सेटिंग, ‘क्यू’ बाहेर. यादीत ‘एन’ने पुढच्या मेलवर, ‘पी’ने मागच्या, एंटर मारलं की मेल उघडते, स्पेसने पान पुढे अन् वजाच्या चिन्हाने मागे. ‘आर’ उत्तर, ‘एफ’ फॉरवर्ड. उत्तर देताना तो विचारतो की मूळ मेल खाली ठेवायची का, अन् मेल अनेकांना गेली असेल तर सगळ्यांना उत्तर द्यायचं का. ह्या दुसऱ्या प्रश्नाला थांबून उत्तर द्या, साहेबाला लिहायचं ते अख्ख्या ऑफिसला जाऊ शकते.

यादीत प्रत्येक ओळीच्या डाव्या टोकाला बारीक खुणा असतात, त्या वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. अधिकचं चिन्ह म्हणजे मेल थेट तुमच्याच नावाने आलेली आहे, ‘एन’ म्हणजे नवीन, ‘ए’ म्हणजे उत्तर दिलेलं, ‘डी’ म्हणजे काढायला लावलेली. ह्या ‘डी’पाशीच सगळी भीती अडते. मागच्या सोयाबीनच्या दिवसांत अभ्यासिकेत एक पोरगी शिकायला येत होती, हुशार, पण ‘डी’वर बोट गेलं की थांबायची. मी तिला स्वतःलाच पाठवलेल्या एका टेस्ट मेलवर ‘डी’ दाबायला लावलं.

‘दादा, गेली का आता ही?’

‘नाही गेली. डावीकडे पाय, डी लागला ना, तो फक्त शिक्का हाय. मेल जागेवरच हाय. आता यू दाब.’

तिने दाबलं, शिक्का निघाला. ‘अरे, आली का वापस!’ म्हणून तिने पुन्हा डी, पुन्हा यू, असं कितीतरी वेळ करून पाहिलं अन् मी तिला थांबवलं नाही. ते करून पाहणंच शिकणं आहे.

तर हिशेब असा, ‘डी’ने शिक्का लागतो, ‘यू’ने निघतो, अन् ‘एक्स’ दाबून हो म्हटलं की शिक्क्याच्या मेल खरोखर काढल्या जातात. बाहेर पडताना ‘क्यू’ दाबलं की आधी खरंच जायचं का विचारतो, अन् शिक्क्याच्या मेल असतील तर त्या काढायच्या का तेही विचारतो. ‘एक्स’नंतर मात्र यू चालत नाही. ‘एस’ने मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवली की मूळ जागी तिलाही डीचा शिक्का लागतो, तो पाहून घाबरायचं नाही, तिची नक्कल फोल्डरमध्ये गेलेली असते. जीमेलला जोडलं असेल तर थोडं वेगळं होऊ शकते, तिथे सेटिंगप्रमाणे शिक्का लागल्या लागल्याच मेल इनबॉक्समधून उचलली जाते, तेव्हा ती ऑल मेलमध्ये नाहीतर ट्रॅशमध्ये शोधा. सराव टेस्ट मेलवरच करायचा तो ह्याच्याचसाठी.

जीमेल जोडताना आपला नेहमीचा पासवर्ड चालत नाही, इथे खूप जण अडकतात अन् प्रोग्रामच खराब आहे म्हणून सोडून देतात. आधी गुगल अकाउंटवर टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं, मग ॲप पासवर्ड बनवायचा, तो १६ अक्षरांचा असतो, मधल्या जागा न सोडता टाकायचा. मेल आणायला आयमॅपचा पोर्ट ९९३, पाठवायला एसएमटीपीचा ५८७ किंवा ४६५. तो पासवर्ड कोणाला दाखवू नका, अन् नेटकॅफेच्या किंवा कॉलेजच्या लॅबच्या मशीनवर साठवून तर अजिबात ठेवू नका.

मेल लिहिताना खेळ कंट्रोलच्या बटनांचा आहे. इथे लक्षात ठेवायचं ते हे, की कर्सर वरच्या पत्त्याच्या भागात आहे की खालच्या मजकुरात, ह्यावर एकाच बटनाचं काम बदलते. कर्सर वर असताना कंट्रोल जे दाबलं तर फाईल जोडायला मागते, मजकुरात दाबलं तर परिच्छेद सरळ करून देते. कंट्रोल टी वर असताना पत्त्यांची वही उघडते, खाली स्पेलिंग तपासते. कंट्रोल के ओळ कापते, कंट्रोल यू ती वापस टाकते. कंट्रोल एक्स दाबलं की पाठवू का विचारते, हो म्हणेपर्यंत मेल जात नाही. कंट्रोल सी म्हणजे रद्द, तिथेही आधी विचारते.

अन् आपल्यासाठी सगळ्यात कामाचं कंट्रोल ओ. ह्याने अर्धी मेल बाजूला ठेवली जाते, पुढच्या वेळी ‘सी’ दाबलं की अर्धवट राहिलेली पुढे चालवायची का म्हणून तोच विचारतो. आमच्याकडे लाईट कधी जाईल ह्याचा भरवसा नाही, जुन्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली असते, त्यामुळे मोठी मेल लिहायची असली तर मधे मधे कंट्रोल ओ मारून घ्यायचं. सर्व्हरवर काम करत असाल तर त्याहून चांगला उपाय म्हणजे आत गेल्या गेल्या टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी स्क्रीन चालू ठेवणारा प्रोग्राम) चालू करायचं अन् मेल त्याच्या आत उघडायची. घरची लाईट गेली, नेट तुटलं, तरी तिकडे सर्व्हरवर सगळं जसंच्या तसं उघडं राहते, वापस लॉगिन करून टीमक्स अटॅच म्हटलं की तीच अर्धी ओळ समोर. नोकरीत मला ह्याचा जितका फायदा झाला तितका दुसऱ्या कोणत्याच सवयीचा नाही.

अल्पाईनमधला लिहायचा भाग पाईनच्या पिको एडिटरसारखा (एडिटर म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्राम) आहे, अन् नॅनो हा एडिटर पिकोच्याच धर्तीवर बनलाय, म्हणून इथे बोट बसलं की सर्व्हरवरच्या फाईली नॅनोत बदलणं सोपं जाते. मुख्य फरक दोन बटनांचा, नॅनोत कंट्रोल ओ फाईल सेव्ह करते अन् कंट्रोल एक्स बाहेर काढते.

मराठीत मेल लिहिली तर जाते, अल्पाईन युनिकोड समजतो, पण बऱ्याच टर्मिनलवर काना-मात्रा इकडेतिकडे दिसतात, जोडाक्षरं तुटतात. समोरच्याला मोबाईलवर ती नीटच दिसते. तरी लांब मजकूर असेल तर दुसरीकडे लिहून फाईल करून ठेवा अन् मजकुरात कर्सर ठेवून कंट्रोल आरने आत ओढा.

अल्पाईनमध्ये हात बसला की मट हा दुसरा मेल प्रोग्राम पाहा, मायकल एल्किन्सने १९९५ मध्ये काढलेला, कामाच्या जागी जुने लोक बहुतेक हाच वापरताना दिसतील. इथे मोठी लिपी अन् छोटी लिपी वेगळी असते, ही गोष्ट आधी गाठीला बांधा. अल्पाईनमध्ये डी कसाही दाबला तरी चालते, मटमध्ये छोटा डी एका मेलवर शिक्का लावतो अन् मोठा डी एखादा नमुना विचारून त्यात बसणाऱ्या सगळ्यांवर लावतो. कॅप्स लॉक चालू राहिलं तर वेगळंच होऊन बसते. जे खाली, के वर, एम नवीन मेल, आर एकाला उत्तर, जी सगळ्यांना. लिहायला तो बहुतेक व्हीआय किंवा तसला एडिटर उघडतो, तिथे आयने लिहायला सुरू, एस्केप, मग कोलन डब्ल्यू क्यू. त्यानंतर परत मटच्या पानावर याल, तिथे वाय दाबलं तरच मेल जाते. पासवर्ड टाकताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, स्टारसुद्धा नाही, टाईप होऊन राहिलंय असं समजून पूर्ण टाका अन् एंटर मारा.

बाहेर पडताना छोटा क्यू शिक्क्याच्या मेल काढू का विचारतो, अन् त्या प्रश्नात चौकटी कंसात जे उत्तर असते, नुसतं एंटर मारलं की तेच धरलं जाते, म्हणून न वाचता एंटर मारू नका. काहीच बदल न ठेवता निघायचं तर छोटा एक्स. म्हणजे अल्पाईनच्या यादीत जो एक्स मेल काढतो, तोच मटमध्ये सगळं होतं तसं ठेवून बाहेर नेतो, ह्या एका अक्षराची गल्लत होऊ देऊ नका.

अन् ज्या सर्व्हरवर दोन्ही नसतील तिथे नुसतं ‘मेल’ असंच नाव असलेला जुना प्रोग्राम मिळू शकतो. मेलचा नंबर टाकून एंटर मारला की ती दिसते, एच यादी, डी अन् नंबर म्हणजे काढा, यू अन् नंबर म्हणजे वापस आणा. ह्यात क्यू मारून निघालात तर वाचलेल्या मेल तिथून उचलून तुमच्या होम फोल्डरमधल्या एमबॉक्स नावाच्या फाईलमध्ये जातात. पुढच्या वेळी यादीत त्या नाहीत म्हणून नवीन पोरं घाबरतात, अन् कधी ऑफिसात दुसऱ्यालाही त्याच मेल पाहायच्या असतात. नुसतं वाचून सगळं जागच्या जागी ठेवायचं असेल तर इथेही एक्स. एमबॉक्समध्ये गेलेल्या वाचायच्या असतील तर मेल, वजा एफ असं लिहून उघडा, त्या सगळ्या तिथे ओळीने बसलेल्या असतात.