पिकअपचं अॅव्हरेज अचानक बदललं? गॅरेज गाठण्याआधी हे करा

लिटरला बारा किलोमीटर देणारी गाडी साडेनऊवर आली की पहिला संशय पंपावर जातो, दुसरा ड्रायव्हरवर आणि तिसरा इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरवर. इंजेक्टरपर्यंत पोहोचायला हरकत नाही, पण तो खर्च मोठा आहे. त्याच्या आधी फुकटात किंवा शे-दोनशे रुपयांत तपासून होणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. कोकणात तर निम्म्या वेळा गाडीत बिघाडच नसतो, हिशोब चुकलेला असतो.

आधी आकडा खरा करा

पाचशेचं डिझेल टाकून काट्यावरून काढलेलं अॅव्हरेज म्हणजे अंदाज. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा. वरून आणखी थोडं घालून रक्कम गोल करू नका. किलोमीटरचं रीडिंग वहीत लिहा. पुढच्या वेळी त्याच पंपावर, शक्य तर त्याच मशिनवर, पुन्हा तसंच फुल करा. समजा रीडिंग 84,210 वरून 84,642 वर गेलं आणि 36 लिटर बसलं, तर 432 भागिले 36, म्हणजे 12. एका टाकीवर निकाल देऊ नका, निदान तीन टाक्या सलग लिहा. मापाबद्दल शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं. ग्राहकाने मागितलं की त्यात मोजून दाखवावं लागतं. भांडण्यापेक्षा ते माप मागणं बरं.

घाट आणि किनारा वेगळे लिहा

भाडी मारणारे इथेच फसतात. रत्नागिरीहून मासळी भरून आंबा घाटाने कोल्हापूरला गेलेली गाडी आणि कणकवली-कुडाळ चौपदरीवर रिकामी पळालेली गाडी यांची तुलनाच होत नाही. माल धरून 3 टन वजन 600 मीटर वर चढवायचं तर नुसत्या चढासाठी साधारण दीड लिटर डिझेल जास्त जातं, इंजिन कितीही ठणठणीत असो. उतरताना त्यातलं थोडंच परत मिळतं. न्यूट्रल टाकून घाट उतरणारे स्वतःला हुशार समजतात. पण गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर सोडला की आजची कॉमन रेल (संगणकाने डिझेल सोडणारी) इंजिनं डिझेल तोडतात, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला डिझेल जळतच राहतं. शिवाय करूळसारख्या घाटात ब्रेक तापून निकामी होण्याची भीती वेगळीच.

म्हणून वहीत प्रत्येक फेरीपुढे रस्ता आणि माल लिहा: वाशी, आंबा पेटी, भरून; येताना रिकामी. मग एक ठरलेला रस्ता निवडा आणि तेवढाच माल घेऊन जाऊन-येऊन तपासा. तिथेही आकडा पडलेला दिसला तर दोष गाडीत आहे. तिथे आकडा जुनाच निघाला तर फरक मालाचा किंवा रस्त्याचा आहे. किनाऱ्याचा रस्ता सपाट समजू नका. प्रत्येक खाडीला उतार आणि पलीकडे चढ असतोच.

आता चाकांकडे

सकाळी, गाडी न चालवता, थंड टायरची हवा मोजा. दरवाजाच्या चौकटीवरच्या पट्टीत भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचा आकडा बहुधा दिलेला असतो, तोच धरा.

त्यानंतर ब्रेक. किनाऱ्यावर अॅव्हरेज खाणारा हा सर्वांत दुर्लक्षित चोर. मासळीच्या क्रेटमधून बर्फाचं खारं पाणी हौद्यातून गळतं आणि थेट चासिस, ब्रेकचे पाइप आणि मागच्या ड्रमवर पडतं. मिरकरवाडा असो की हर्णै, बंदरावर उभ्या गाड्यांच्या खाली वाकून बघा, गंज कुठून सुरू होतो ते कळेल. ब्रेक सोडल्यावरही लायनर किंवा पॅड चिकटून राहतो आणि गाडी कायम ओढली जाते. तपासणी सोपी आहे. थोडं अंतर जाऊन, शेवटी ब्रेक कमीत कमी वापरून थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हाताची मागची बाजू न्या, टेकवू नका. एकच चाक भट्टीसारखं तापलेलं असेल तर ते मिस्त्रीला दाखवा. ब्रेक नसेल तर बेअरिंग असेल. मासळीची फेरी झाली की हौद्याबरोबर खालूनही गोड्या पाण्याने धुवा. पावसाळ्यात गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली ठोकळा द्या. हँडब्रेक ओढून ठेवला की लायनर ड्रमला धरतो.

हवा, पाणी, उंदीर

चिरेखाणीवर जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरपर्यंत टिकत नाही. जांभ्याची लाल धूळ त्याला आधीच बुजवते. उघडून बघा, आतून बाहेरच्या दिशेने हलकी हवा मारा. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नका. काळा धूर आणि चढावर दम नसणं एकत्र दिसलं तर टर्बोच्या रबरी पाइपाला चीर आहे का तेही पाहा.

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साचतं, पावसाळ्यात ते सोडत राहा. बॉनेटखाली ओला डाग किंवा डिझेलचा वास असेल तर पाइप बघा. पावसात उंदीर उबेला येतात आणि पाइप कुरतडतात. टाकीच्या झाकणाला कुलूप आहे ना, हेही एकदा पाहून घ्या.

इंजिनच्या तापमानाचा काटा लांबच्या फेरीतही खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय, किंवा कुणीतरी तो काढूनच टाकलाय. "आपल्याकडच्या उकाड्यात कशाला लागतो" असं म्हणून तो काढणारे मिस्त्री आहेत. त्यांचं ऐकू नका, गार इंजिन जास्त पितं.

क्लचसाठी चढावर वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबा. आवाज वाढला पण वेग नाही, तर प्लेट घसरतेय.

बीएस-सहा गाडी असेल तर

बीएस-सहा म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम. एप्रिल 2020 नंतरच्या डिझेल पिकअपमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला गाडी मधूनमधून जास्तीचं डिझेल वापरते. बंदर ते बर्फ कारखाना अशा तुकड्या-तुकड्यांच्या फेऱ्यांत तो पुरेसा तापत नाही आणि जाळण्याचं काम अर्धवट राहतं. मग गाडी पुन्हापुन्हा प्रयत्न करते, अॅव्हरेज पडतं. ऑइलची पट्टी ओढल्यावर पातळी वाढलेली दिसली तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय. ऑइल लगेच बदला आणि कारण शोधून घ्या. फिल्टरचा दिवा लागला की गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे हायवेवर सलग, एका वेगात पळवा.

पेट्रोलवाले आणि वाढलेलं अॅव्हरेज

छोटी पेट्रोल गाडी असेल तर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल लक्षात घ्या. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे थोडी घट येणारच. डिझेलवाल्यांनी हे कारण पुढे करू नये.

अॅव्हरेज एकाएकी वाढलं तर खूश होण्याआधी टायर बघा. झिजलेला टायर लहान होतो, तेवढ्याच अंतरात जास्त फिरतो, आणि मीटर टक्का-दोन टक्के जास्त दाखवतं. मोठ्या मापाचे टायर टाकले की उलटं होतं, गाडी कमी देतेय असं वाटतं. नवे टायर घातल्यानंतरच आकडा बदलला असेल तर महामार्गाच्या किलोमीटरच्या दगडांवर मीटर ताडून घ्या आणि मगच मिस्त्रीला फोन करा.

एवढं करूनही आकडा वर येत नसेल तर गॅरेजला जाताना वही सोबत न्या. एका वेळी एकच दुरुस्ती करून घ्या आणि पुढची टाकी त्याच ठरलेल्या रस्त्यावर संपवा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर बिलाचे पैसे नेमके कशावर गेले ते तुम्हालाही कळणार नाही आणि मिस्त्रीलाही.