फुलांची जेली जमत नाही? या चुका टाळा

फुलांची जेली बिघडली की दोष बहुधा फुलांच्या माथी मारला जातो. वास्तविक पाकळ्या देतात त्या फक्त रंग आणि गंध. सफरचंदासारख्या फळांत जेली घट्ट करणारे पेक्टिन आणि आंबटपणा मुळातच असतो. फुलांच्या अर्कात दोन्ही जवळजवळ नसतात, त्यामुळे ती वरून आणि मापात घालावी लागतात.

म्हणूनच लिंबाचा रस केवळ चवीसाठी आहे असे समजून तो कमी करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. नेहमीचे पेक्टिन जमण्यासाठी सामू (आंबटपणाचे माप, म्हणजेच pH; तो जितका कमी तितका पदार्थ आंबट) साधारण ३.५ च्या खाली आणि साखर ५५ टक्क्यांच्या वर असावी लागते. दोन कप अर्काला पाव कप रस हे पुष्कळ कृतींतले प्रमाण आहे. गोकर्णाच्या निळ्या अर्कात रस पडताच तो जांभळा होतो आणि ते पाहून काही जण हात आखडता घेतात. रंग निळाच राखायचा असेल, तर सरळ दुसरा पदार्थ निवडावा. गोडी कमी करण्याच्या हौसेने साखर घटवली तरीही पाक पातळच राहतो. त्यासाठी कमी साखरेत जमणारे वेगळे पेक्टिन मिळते.

पेक्टिनची पूड साखरेच्या आधी अर्कात उकळावी, द्रवरूप पेक्टिन मात्र साखर विरघळून उकळी आल्यावर घालावे. हा क्रम उलटला की गणित चुकते. एकदम दुप्पट घाणा घालू नये, कारण मोठ्या भांड्यात उकळी यायला वेळ लागतो आणि जास्त शिजल्याने पेक्टिनची पकड सैल होते.

गंध उडतो तो पाकळ्याच उकळल्यामुळे. त्यांच्यावर उकळते पाणी ओतून झाकण ठेवावे आणि अर्क उतरू द्यावा. गाळताना फडके पिळले की जेली गढूळ होते. गुलाबाच्या पाकळीचे पांढरे देठ आणि डँडेलियन या पिवळ्या रानफुलाचा हिरवा भाग कडवट असतो, तो आधीच खुडून टाकावा. पुष्पगुच्छासाठी विकली जाणारी फुले मुळीच वापरू नयेत, कारण त्यांवर कीटकनाशके फवारलेली असू शकतात. कण्हेर आणि धोतरा तर विषारीच आहेत.

बरण्या भरल्यावर लगेच निराश होऊ नये, कारण जमायला एक-दोन दिवसही लागतात. तरीही जेली पातळच राहिली, तर दर लिटर जेलीमागे अर्धा कप पाण्यात चार छोटे चमचे पेक्टिनची पूड ढवळत उकळावी, त्यात दोन मोठे चमचे लिंबाचा रस व पाव कप साखर घालावी, मग जेली ओतून खळखळून उकळी आल्यावर अर्धा मिनिट ठेवावी आणि निर्जंतुक केलेल्या बरण्यांत पुन्हा भरावी.