घरच्या ओव्हनमध्ये रातातुई

रातातुई ही दक्षिण फ्रान्समधील नीस शहराची आणि शेजारच्या प्रोव्हान्सची उन्हाळी भाज्यांची भाजी आहे. मूळ पद्धतीत वांगी, झुकिनी (काकडीसारखी दिसणारी भाजी), ढोबळी मिरची आणि कांदा ऑलिव्ह तेलात वेगवेगळे परतून घेतात आणि मग टोमॅटोबरोबर मंद आंचेवर एकत्र शिजवतात. येथे दिलेली ओव्हनमधील पद्धत त्याच भागातील ‘तियाँ’ या पदार्थाच्या जवळची आहे. तियाँ हे मुळात मातीच्या उथळ, पसरट भांड्याचे नाव असून त्यात भाजलेल्या पदार्थालाही तेच नाव पडले.

या पदार्थातील सर्वच भाज्यांना अंगचे पाणी भरपूर असते. ते हळूहळू आटले तर रस दाट आणि गोडसर होतो, आणि न आटता भांड्यात साचले तर भाज्या केवळ उकडल्यासारख्या लागतात. पुढील प्रत्येक कृतीचा रोख या पाण्याकडेच आहे.

चार जणांसाठी लांबट जांभळी वांगी आणि झुकिनी प्रत्येकी २५० ग्रॅम, घट्ट टोमॅटो ८०० ग्रॅम, एक लाल ढोबळी मिरची, एक कांदा, लसणाच्या चार पाकळ्या, ऑलिव्ह तेल पाच मोठे चमचे आणि थाइम या सुगंधी वनस्पतीची सुकी पाने एक चहाचा चमचा घ्यावीत. वांगी, झुकिनी आणि निम्मे टोमॅटो साधारण एकाच जाडीचे निवडावेत, म्हणजे चकत्या सारख्या आकाराच्या येतात. फ्रेंच पाककृतींत सांगितलेले लॉरेलचे पान आणि आपले तमालपत्र ही दोन निरनिराळ्या झाडांची पाने आहेत. तमालपत्राला दालचिनीकडे झुकणारा वास असल्यामुळे ते येथे घालू नये.

प्रथम तळाचा रस तयार करावा. भरताचे वांगे भाजतो तशी ढोबळी मिरची गॅसच्या ज्योतीवर काळी होईपर्यंत भाजून, झाकून ठेवून, साल काढून बारीक चिरावी. तीन चमचे तेलात कांदा रंग न बदलता मऊ होईपर्यंत परतावा, लसूण घालावी आणि त्यावर उरलेले निम्मे टोमॅटो चिरून, मिरची व मीठ घालून झाकण न ठेवता मंद आंचेवर शिजवावे. उलथने फिरवल्यावर भांड्याचा तळ क्षणभर कोरडा दिसू लागला, की रस पुरेसा आळला असे समजावे. यास साधारण वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि येथे घाई केली तर पुढे ती भरून काढता येत नाही.

रस शिजत असताना वांगी, झुकिनी आणि टोमॅटो यांच्या सुमारे ३ मिलिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात. वांग्यांच्या आणि झुकिनीच्या चकत्यांना मीठ चोळून वीस मिनिटे चाळणीत ठेवावे आणि सुटलेले पाणी स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावे. नंतर पुन्हा मीठ घालताना हात आखडता ठेवावा.

सुमारे २५ सेंटिमीटरच्या उथळ भांड्यात रस पसरून त्यावर तिन्ही भाज्यांच्या चकत्या आलटून पालटून, एकमेकींवर अर्ध्या रेलतील अशा, कडेकडून मध्याकडे रचाव्यात. वरून उरलेले तेल आणि थाइम घालून बटर पेपर भाज्यांना टेकेल असा ठेवावा, म्हणजे वरच्या चकत्या वाळत नाहीत. ओव्हन आधी तापवून १६० अंश सेल्सिअसला सव्वा तास भाजावे. ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर) असल्यास वरची आणि खालची दोन्ही कॉइल चालू ठेवून भांडे मधल्या जाळीवर ठेवावे. मग कागद काढून १८० अंशांवर आणखी वीस मिनिटे ठेवल्यास उरलेले पाणी आटून कडा हलक्या खरपूस होतात.

पदार्थ झाला की नाही हे वांग्यावरून ठरवावे, कारण अर्धवट शिजलेले वांगे चामट लागते. सुरी विनासायास आत गेली आणि भांड्याच्या कडेला रसातून तेल सुटलेले दिसले, की ओव्हन बंद करावा.

गरम मसाला किंवा लाल तिखट घालण्याचा मोह मात्र टाळावा. त्याने टोमॅटो आणि थाइमची मंद चव पार झाकली जाते. बाहेर काढल्यावर निदान पंधरा मिनिटे मुरू देऊन कडक कवचाच्या पावाबरोबर किंवा साध्या भाताबरोबर वाढावे. दुसऱ्या दिवशी ही भाजी अधिक मुरलेली लागते आणि फ्रान्समध्ये ती गारही आवडीने खातात, त्यामुळे पाहुणे येणार असल्यास आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवावी आणि वाढण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढावी.