पांढरी माशी हटत नाही? फवारणीतल्या या चुका टाळा

मोहोळ, पंढरपूर, माढ्याकडे भेंडी-वांग्यात पांढरी माशी दिसली की पहिला प्रश्न ठरलेला: कोणतं औषध मारू? त्याआधी पान उलटून बघा. शेंड्याच्या कोवळ्या पानांखाली अंडी असतात, तर मधल्या आणि खालच्या पानांना चपटी, फिकट पिवळी पिल्लं खवल्यांसारखी चिकटून रस पीत असतात. वरूनच पंप फिरवला तर उडणाऱ्या माश्या तेवढ्या मरतात आणि पिल्लं जागेवरच राहतात. उष्ण हवेत अडीच-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. म्हणून नोझल खालून वर धरा आणि पानाची खालची बाजू भिजवा. खालची बाजू सुटली की फवारणी वाया जाते.

दुसरी चूक घाईची. पायरीप्रॉक्सीफेन हे कीडनाशक उडणाऱ्या माशीला मारत नाही. ते अंडी उबू देत नाही आणि पिल्लांची माशी होऊ देत नाही. चौथ्या दिवशी माश्या दिसल्या म्हणून ‘औषध डुप्लिकेट निघालं’ असं ठरवून लगेच दुसरं मारू नका, पिल्लांची संख्या बघा. सायपरमेथ्रीनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं तर या किडीसाठी टाळाच. त्यांनी ढालकिडे, क्रायसोपा हे मित्रकीटक मरतात आणि माशी उलट वाढते. एकाच गटातलं औषध पुन्हा पुन्हा वापरलं तर माशी त्याला दाद देईनाशी होते. दुकानातून तीन-चार औषधांचं मिश्रण आणून मारणं हा खर्चाचा आणि धोक्याचा खेळ आहे. त्या पिकासाठी शिफारस आहे का, मात्रा किती आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे लेबलवर वाचा. भेंडी एक-दोन दिवसांआड तोडतो आपण, आणि ती खाणाऱ्यांत आपलीही पोरं असतात.

जैविक औषधांचं गणित सोलापुरात वेगळं आहे. लेकॅनिसिलियम म्हणजे माशीला रोग लावून मारणारी जिवंत बुरशी, तिला ओलावा लागतो. एप्रिल-मेच्या चाळीशीपार उन्हात, कोरड्या हवेत भर दुपारी फवारली तर पैसे गेलेच. पावसाळी, दमट दिवस बघून ऊन कलल्यावर लिटरला 5 ग्रॅम घ्या. मॅन्कोझेब, कार्बेन्डाझिम अशा बुरशीनाशकात ती कधीच मिसळू नका आणि दोन्हींत काही दिवसांचं अंतर ठेवा. उन्हाळ्यात 5 टक्के निंबोळी अर्क बरा: 100 लिटर पाण्याला 5 किलो निंबोळीचा भरडा. तोही संध्याकाळी आणि सुरुवातीलाच मारा. पानांवर माशीचा गोड चिकटा पडून त्यावर काळी बुरशी म्हणजे काजळी धरल्यावर निंबोळीवर भिस्त ठेवू नका.

भेंडीवर केवडा (पानांच्या शिरा पिवळ्या पडणं) किंवा टोमॅटोवर चुरडा-मुरडा (पानं आकसून गुंडाळणं) आला तर ते झाड कोणत्याही औषधाने बरं होत नाही. हे दोन्ही रोग विषाणूंमुळे होतात आणि ते विषाणू पांढरी माशीच पसरवते. रोगट झाड दिसताच उपटून पुरा. बांधावर टाकलं तर माश्या तिथून पुन्हा पिकात येतात. टोमॅटोची रोपं सुरुवातीपासून बारीक जाळीखाली वाढवा आणि पिवळे चिकट सापळे माशी दिसण्याआधीच, पिकाच्या शेंड्याच्या उंचीला लावा.