लाउडन काउंटीत नवीन आलात? पोस्टाची चिठ्ठी फ्रिजवर लावून विसरू नका

दर उन्हाळ्यात अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, लाउडन काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) आमच्या ॲशबर्न-ब्रॅम्बलटनच्या पट्ट्यात नवी मराठी कुटुंबं येतात. कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाला ओळख होते आणि प्रश्न ठरलेले असतात. शेवग्याच्या शेंगा कुठे मिळतात, डेंटिस्ट कोणता, कुठली शाळा चांगली. याची उत्तरं तुम्हाला दहा जण देतील. मला इथे अठरा वर्षं झाली आणि पहिल्याच वर्षी कळायला हवं होतं ते वेगळंच होतं: आपल्या घरामागच्या मोकळ्या जागेत काय उभं राहणार हे ठरवतं कोण, कुठे बसून आणि कुठल्या वारी.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ॲशबर्न हे सरकारदरबारी गावच नाही. पत्त्यात आहे, मेट्रोच्या स्टेशनावर आहे, पण ॲशबर्नला ना महापौर ना नगरपालिका. लाउडनमध्ये स्वतःचा कारभार असलेली गावं सातच: लीसबर्ग, पर्सेलव्हिल, मिडलबर्ग, हॅमिल्टन, हिल्सबरो, लव्हेट्सव्हिल आणि राउंड हिल. तिथल्या लोकांना टाउन कौन्सिल आणि काउंटी असे दोन मालक, आणि कर दोघांचाही. बाकी आपल्या सगळ्यांचं मायबाप सरकार म्हणजे काउंटी. तिचं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स लीसबर्गला बसतं. सभासद नऊ: आठ आपापल्या डिस्ट्रिक्टमधून निवडून येतात आणि अध्यक्ष सगळ्या काउंटीच्या मतांवर. निवडणूक चार वर्षांनी, तीही विषम सालात, म्हणजे २०२३ नंतर आता २०२७. राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीचा गाजावाजा तेव्हा नसतो, त्यामुळे आपल्या मंडळींना पत्ताही लागत नाही.

आपले काँग्रेसमन, म्हणजे वॉशिंग्टनमधले खासदार, सुहास सुब्रमण्यम यांच्यासोबत फोटो काढायला आपल्या कार्यक्रमात रांग लागते. लागू दे, मीही काढलाय. पण त्या रांगेतल्या कुणालाही विचारा, बाबा रे तुझा सुपरवायझर कोण? गाडीवरचा कर, बागेतला दिवा, घरामागचं बांधकाम यातलं काहीही वॉशिंग्टनला ठरत नाही. ते पंचवीस मैलांवर नाही, पंधरा मिनिटांवर ठरतं.

आता माझी गोष्ट, कारण ती मला चांगलीच महागात पडली.

घर घेऊन तीनेक वर्षं झाली होती. मागच्या कुंपणापलीकडे झाडी, त्यापलीकडे माळरान. एके दिवशी दारावर पोस्टमन फिकट पीच रंगाची चिठ्ठी चिकटवून गेला: तुमच्या नावे सर्टिफाइड पत्र आहे, सही करून घ्यावं लागेल, तुम्ही घरी नव्हता. पाठवणाऱ्याच्या जागी कुठल्याशा वकिलाच्या फर्मचं नाव. आमचं तेव्हा ग्रीन कार्डचं चालू होतं, वकिलाचं नाव पाहिलं की पोटात गोळा यायचा. नवरा म्हणाला, काहीतरी वसुलीवाल्यांचं लफडं असेल, दुसऱ्या कुणाचं तरी. मी चिठ्ठी फ्रिजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली लावली. पोस्ट असं पत्र पंधरा दिवस ठेवतं आणि परत पाठवतं. आमचंही गेलं.

ते पत्र कुंपणापलीकडच्या माळरानाच्या रिझोनिंगचं होतं. तिथे डेटा सेंटर, म्हणजे इंटरनेटचे संगणक ठेवायची मोठी इमारत, बांधायचं होतं. आपल्याकडे एनए करून घेतात ना, त्याच जातीतला प्रकार. जमिनीचा वापर बदलायचा तर जाहीर सुनावणी घ्यावी लागते आणि व्हर्जिनियाच्या कायद्यानुसार लागून असलेल्या जमीनमालकांना लेखी कळवावं लागतं. अर्जदाराचा वकीलच बहुतेक वेळा ही पत्रं पाठवतो, म्हणून पाकिटावर काउंटीचं नाव दिसत नाही. रस्त्याच्या कडेला पाटीही लावलेली असते. ती मी रोज बघत होते. ऑफिसला जाताना पंचेचाळीसच्या वेगाने जाणाऱ्या माणसाला जेवढी दिसते तेवढी.

सुनावणी झाली. आमच्या पलीकडच्या वस्तीतली चार-पाच माणसं गेली होती. त्यांनी डेटा सेंटर थांबवलं नाही, त्यांना थांबवायचंही नव्हतं. त्यांनी मागितलं ते इतकंच: आमच्या बाजूला मातीचा उंच बांध घाला, त्यावर बारमाही हिरवी झाडं लावा, दिवे खाली तोंड करून बसवा. कंपनीने ते लिहून दिलं. अशा लिहून दिलेल्या अटींना इथे प्रॉफर म्हणतात आणि मंजुरीनंतर त्या जमिनीला चिकटतात, मालक बदलला तरी सुटत नाहीत. आमच्या बाजूने कुणी गेलंच नव्हतं, म्हणून आमच्या बाजूला बांध नाही. पलीकडच्या लोकांना आज झाडं दिसतात. आम्हाला राखाडी भिंत दिसते, मुलीच्या खोलीत रात्रभर पार्किंगचा उजेड येतो आणि जनरेटरची चाचणी असली की खिडकीची काच बारीक थरथरते. पडदे, दुहेरी काचा, स्वतःच्या खर्चाने लावलेली सहा झाडं, त्यातली दोन हरणांनी खाल्ली. घर विकायला काढलं तेव्हा तीन गिऱ्हाइकं मागचं दार उघडून बाहेर पाहून निघून गेली. शेवटी आम्ही राहिलो.

तेव्हा सर्टिफाइड पत्राची चिठ्ठी आली की त्याच दिवशी पोस्टात जा. परत सांगते, त्याच दिवशी.

भाड्याने राहत असाल तर हे पत्र बहुधा घरमालकाला जाईल आणि तो कदाचित फिनिक्समध्ये बसला असेल. तुमच्या कुंपणाच्या आणि त्या जमिनीच्या मध्ये एचओएची (वस्तीतल्या घरमालकांच्या सोसायटीची) चार फुटांची पट्टी असली, तर लागून असलेली मालक एचओए ठरते आणि पत्र तिच्याकडे जाऊ शकतं. म्हणून एचओएच्या मीटिंगला वर्षातून दोनदा तरी जाऊन एकच प्रश्न विचारा: काउंटीकडून किंवा वकिलांकडून काही नोटीस आलीय का? कचऱ्याच्या डब्यांवर तिथे दीड तास वाद चालतो, तो सहन करा.

घर घ्यायचं असेल तर याहून आधीची पायरी आहे. गावाकडे सात-बारा आणि फेरफार पाहिल्याशिवाय गुंठाभर जमीन न घेणारे आपण, इथे सात-आठ लाख डॉलरचं घर एजंटच्या ‘मागे झाडीच राहणार’ या शब्दावर घेतो. काउंटीचा वेबलॉगिस नावाचा नकाशा फुकट आहे. पत्ता टाका आणि आपल्या नव्हे, शेजारच्या जमिनीचं झोनिंग बघा. त्याच्या जोडीला २०१९ चा सर्वंकष विकास आराखडा बघा, पुढे तिथे काय व्हावं असं काउंटीला वाटतं ते त्यात आहे. झाडी ही झाडी म्हणून राखलेली आहे की नुसती अजून तोडलेली नाही, हा फरक दहा मिनिटांत कळतो.

एक खाच मात्र लक्षात ठेवा. जे झोनिंगमध्ये आधीच बसतं ते बांधायला सुनावणी लागत नाही. त्याला इथे ‘बाय राइट’ म्हणतात. डेटा सेंटरं बरीच वर्षं ठरावीक झोनमध्ये अशीच उभी राहिली, ना पत्र ना सुनावणी. जगातलं सत्तर टक्के इंटरनेट ॲशबर्नमधून जातं असं इथले लोक छातीठोकपणे सांगतात, मोजलंय कुणी देव जाणे, पण जगात सगळ्यात दाटीवाटीने डेटा सेंटरं इथे आहेत हे खरं, आणि त्यांच्या संगणकांवरच्या करामुळे आपल्या घरांचा कर आटोक्यात राहतो हेही खरं. मार्च २०२५ मध्ये बोर्डाने ही बाय राइटची वाट बंद केली. आता नव्या डेटा सेंटरला बोर्डापुढे यावं लागतं. म्हणजे पूर्वीपेक्षा आता पत्रं आणि सुनावण्या वाढणार, आणि तुम्ही नेमके आत्ता आलात.

सभेचं वेळापत्रक असं. कामकाजाच्या सभा साधारण महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या मंगळवारी, जमिनीच्या जाहीर सुनावण्या साधारण दुसऱ्या बुधवारी संध्याकाळी. ऑगस्टमध्ये बोर्ड सुट्टीवर असतं. वार सरकतात, म्हणून जायच्या आधी कॅलेंडर बघा. सभेचा अजेंडा आधी जाहीर होतो, त्याला स्टाफ रिपोर्ट जोडलेला असतो. शंभर पानं असतील, घाबरू नका. पहिली चार पानं, नकाशा आणि शेवटची शिफारस वाचा. अजेंड्यातली ‘कन्सेंट’ची यादी जरूर बघा. बिनवादाचे म्हणून ठरवलेले विषय तिथे एका मतात, चहा गार व्हायच्या आत, मंजूर होतात. बंद दाराआड बसायला बोर्डाला ठरावीकच कारणं चालतात, कायदेशीर सल्ला, नेमणुका, जमीनखरेदी अशी, आणि बाहेर आल्यावर आत दुसरं काही बोललो नाही असं मतदान करून नोंदवावं लागतं. मला हे फार आवडतं. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीलाही लावावं.

बोर्डाच्या आधी तोच अर्ज प्लॅनिंग कमिशनपुढे येतो. ते फक्त शिफारस करतं म्हणून लोक तिकडे फिरकत नाहीत. तिथेच जा. बोर्डापुढे येईपर्यंत सगळं शिजून पानात वाढलेलं असतं. मीठ घालायचं तर कढईत असताना. त्याहून बरं म्हणजे आपल्या सुपरवायझरच्या ऑफिसला आधीच फोन करावा. उत्तर देतात हो. पहिल्यांदा मला दुसऱ्या दिवशी परत फोन आला तेव्हा मी चुकून उभी राहून बोलले.

बोलायला सिटिझन असावं लागत नाही. व्हिसा एच-वन असो, एल-टू असो, राहता तर बोलता येतं. मत मात्र नाही. आणि इथे हात जोडून सांगते: डीएमव्हीत लायसन्स काढताना मतदार नोंदणीचं विचारतात, सिटिझन नसाल तर घाईत ‘हो’ म्हणू नका, सही करू नका. त्या एका खुणेने पुढचं सगळं इमिग्रेशन धोक्यात येऊ शकतं.

बोलायला मोजकी मिनिटं मिळतात आणि दिवा लाल झाला की थांबायचं असतं. आपली माणसं नाव, गाव, शिक्षण, कंपनी, ‘थँक यू फॉर द अपॉर्च्युनिटी’ यातच अर्धा वेळ घालवतात. इथल्या निवृत्त आज्या बघून शिका. विणकामाची पिशवी बाजूला ठेवून उठतात, कागदावरून तीन वाक्यं वाचतात: मी अमुक रस्त्यावर राहते, अर्ज क्रमांक अमुक, मला पश्चिमेच्या बाजूला झाडांची रुंदी दुप्पट हवी. संपलं. आणि ती रुंदी मिळते. नुसता विरोध करणाऱ्याला ‘ऐकून घेतलं’ असं उत्तर मिळतं, नेमकं मागणाऱ्याला प्रॉफर.

शाळेचं बोर्ड वेगळं, तेही निवडून आलेलं, आणि ते ॲशबर्नमध्ये बसतं. शाळेच्या हद्दी आणि सुट्ट्यांचं कॅलेंडर तिथे ठरतं. सुपरवायझर शाळांना पैसे देतात, हद्दी ठरवत नाहीत. हद्द बदलली म्हणून लीसबर्गला जाऊन रडू नका.

कराचं थोडक्यात. घराचा कर ५ जून आणि ५ डिसेंबर, गाडीचा ५ मे आणि ५ ऑक्टोबर. हो, गाडीवर दरवर्षी कर, टेक्सासहून येणाऱ्यांना हा धक्का बसतो. घरावरचा दर २०२४ ला शंभर डॉलरमागे ८६.५ सेंट होता, २०२५ ला ८०.५ झाला. दर उतरला म्हणून पेढे वाटू नका, घराची किंमत काउंटीने किती धरली ते बघा. दर कमी आणि किंमत जास्त, तर बिल वाढू शकतं. तसं होणार असेल तर कायद्यानेच त्याची वेगळी जाहिरात द्यावी लागते. बजेट फेब्रुवारीत मांडलं जातं, एप्रिलमध्ये मंजूर होतं, वर्ष १ जुलैला सुरू. मे महिन्यात बिल हातात पडल्यावर ग्रुपवर रागाचे इमोजी टाकणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही.

ग्रुपवरून आठवलं. ‘काउंटी अमुक मंदिर पाडणार’, ‘मेट्रो बंद होणार’ असले फॉरवर्ड आले की अर्ज क्रमांक विचारा. नसेल तर पुढे ढकलू नका. कागद हवाच असेल तर माहिती मागा. भारतात माहितीच्या अधिकारात तीस दिवस, इथे राज्याच्या कायद्यात पाच कामाचे दिवस, फार मोठी मागणी असेल तर थोडी मुदतवाढ आणि खर्च.

आणि या सभांनी काय होतं म्हणाल, तर २०१२ च्या जुलैमध्ये याच बोर्डाने मेट्रो लाउडनपर्यंत आणायची की नाही यावर मत घेतलं. पाच विरुद्ध चार. २०२२ च्या १५ नोव्हेंबरला पहिली गाडी ॲशबर्नला आली. एक हात खाली राहिला असता तर तुम्ही आज मेट्रो पकडायला रोज रेस्टनपर्यंत गाडी हाकत असता.

पहिल्यांदा जाल तेव्हा बोलू नका, नुसते मागच्या रांगेत बसा. टाळ्या वाजवू नका, चालत नाहीत. आणि शाल न्या, एसी फार कडक असतो.